पालथा कप

माझी जीभ तिखट आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी फोटोंना फ्रेम करून देते, गेली चाळीस वर्षं देते, आणि गिऱ्हाइकाने वाकडा छापलेला फोटो आणला तर तो वाकडा आहे असं तोंडावर सांगते. नवरा गेल्यावर दुकान टिकलं ते याच जिभेमुळे, असं मी म्हणायचे. माझी नणंद म्हणायची, जीभ असूनही टिकलं.

नणंदेला घरात सगळे छोटी म्हणत. माझ्या नवऱ्याहून नऊ वर्षांनी लहान, म्हणून छोटी. पुढे साठी उलटली, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी छोटीच. आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक आदराने छोटीताई म्हणायचे आणि ते ऐकून तिला दर वेळी हसू यायचं. तिनं लग्न केलं नाही. एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. रडणारे, ओरडणारे, शिव्या देणारे, सगळे आधी तिच्या कानात यायचे, आणि ती एकाच सुरात म्हणायची, "होल्ड करा हं, जोडून देते." घरीही तेच. माझा आवाज चढला की आतून यायचं, "होल्ड करा हं, वहिनी."

नवऱ्यामागे आम्ही दोघीच उरलो. खाली दुकान, वर दोन खोल्या. मी दिवसभर खाली चुका ठोकायची. चुका म्हणजे फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्याला मारायचे बारीक खिळे. छोटी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "वहिनी आठवडाभर चुका ठोकते आणि उरलेल्या गुरुवारी चर्चमध्ये करते."

गुरुवारी आमच्या मंडळीची संगती असते. चर्चच्या मागच्या खोलीत, संध्याकाळी पाच वाजता, दहाबारा माणसं. गाणं, वचन, प्रार्थना, मग चहा आणि बिस्किटं. चहा ओतायचं काम छोटीचं. तीन वर्षांपूर्वी चर्चच्या पाळकांनी बायबलमधल्या आत्म्याच्या फळावर, म्हणजे नऊ गुणांवर, शिकवायला घेतलं, दर आठवड्याला एक गुण. सुरुवातीचे गुण सोपे वाटले, सगळे माना डोलवत होते. शेवटी आलं इंद्रियदमन, म्हणजे स्वतःवरचा ताबा. छोटी माझ्या कानात कुजबुजली, "लहानपणी मला वाटायचं, हे पोलिसांचं खातं आहे." मी फस्सकन हसले आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. आयुष्यभर हे असंच झालंय.

पाळक म्हणाले, हे फळ एकट्यादुकट्याला पिकवता येत नाही. प्रत्येकाने एक जोडीदार धरावा, आपली एक खोड त्याला सांगावी आणि दोघांनी मिळून एक खूण ठरवावी. खोड उसळी मारायला लागली की जोडीदाराने खूण करायची. नियम एकच, खूण जोडीतच राहिली पाहिजे. तिसऱ्याला कळता कामा नये, म्हणजे चारचौघांत कुणाची शोभा होणार नाही. पुढचे काही आठवडे मोठी मजा आली. कुणी कान खाजवायचं, कुणी चष्मा पुसायचं, आणि खरीच खाज सुटलेल्या माणसाकडे बघून समोरचा उगाच बोलता बोलता गप्प व्हायचा.

माझी जोडी अर्थात छोटीशी. खोड सांगायची गरजच नव्हती. "तू सुटलीस की मी माझा कप बशीत पालथा घालीन," ती म्हणाली. "टक् वाजलं की थांबायचं."

"आणि तुझी खोड?"

"मी उलटी आहे. मला लागलं तरी मी बोलत नाही. आत ठेवून देते."

"मग तुझी खूण काय?"

"माझं नंतर बघू," ती म्हणाली. ते नंतर कधी आलंच नाही. मीही आठवण केली नाही, कारण आमच्या जोडीत दुरुस्तीचं काम माझंच एवढं निघायचं.

दोन वर्षं तो कप बरा चालला. मी चिटणिसांच्या लांबलचक अहवालावर घसरले की टक्. ऑर्गन वाजवणारी सूर चुकली आणि मी तोंड उघडलं की टक्. कधी राग यायचा, कधी हसू, पण मी थांबायची. घरी येताना छोटी विचारायची, "काय बोलणार होतीस?" मग मी ते सगळं रस्त्यात तिला एकटीला ऐकवायची आणि ती पोट धरून हसायची. एवढ्यावर माझं भागत होतं. मला वाटायचं, आपण सुधारतोय.

मग तो गुरुवार आला. मंडळीतल्या देवाघरी गेलेल्यांची नावं चिटणीस वर्षातून एकदा वाचतात आणि ज्याचं माणूस असेल त्यानं उभं राहायचं असतं. माझ्या नवऱ्याचं नाव त्या यादीत यायचं होतं. मी पदर नीट करून, उठायच्या तयारीत बसले होते. यादी संपली. नाव आलं नाही.

चहाच्या वेळी मी चिटणिसांना धरलं. ते निवृत्त पोस्टमास्तर, मऊ माणूस. मी म्हटलं, "जन्मभर लोकांची पत्रं पोचवलीत, आणि एक नाव पोचवता आलं नाही?"

"बाई, नावाची चिठ्ठी दरवर्षी घरच्यांनी द्यायची असते," ते म्हणाले. "तुमची आली नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

टक्.

मी वळून पाहिलं. छोटीचा कप बशीत पालथा होता आणि ती माझ्याकडे बघत होती. तिच्या सख्ख्या भावाचं नाव राहिलं होतं, आणि तिनं कप पालथा घातला होता. माझं डोकं फिरलं. आवाज मात्र चढला नाही, आणि तेच वाईट झालं. ओरडले असते तर लोकांनी निम्मं सोडून दिलं असतं.

"तुला काय," मी म्हणाले. "तुला कप पालथा घालायची सवयच आहे. जन्मात कधी कुणी भरायला आलं असतं, तर कळलं असतं, रिकामं होणं म्हणजे काय ते."

छोटीनं कप उचलला, सरळ केला, बशीत नीट मधोमध ठेवला. पिशवी घेतली. "मी पुढे होते, वहिनी," ती म्हणाली आणि गेली.

घरी ती त्यावर एक अक्षर बोलली नाही. रोजच्यासारखी भाजी चिरली, रोजच्यासारखी माझ्या औषधाची आठवण केली. आठव्या दिवशी म्हणाली, "मंडळीच्या निवासात खोली रिकामी झालीय. मी तिकडे जाते. जिना झेपत नाही आता." निवास म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या म्हाताऱ्या बायकांसाठी बांधलेलं घर. तिथं पहिल्या मजल्यावर खोली मिळाली होती, म्हणजे जिना तिथंही होता. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "ठीक आहे."

ती गेल्यावर चार दिवसांनी ती चिठ्ठी सापडली. माझ्याच दुकानात, माझ्याच ड्रॉवरमध्ये, चुकांच्या डब्याखाली. मी लिहून ठेवली होती आणि द्यायची विसरले होते. चुकांच्या डब्याखाली. यावर छोटी किती हसली असती.

तेव्हाच उठून तिच्याकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. मी गुडघे टेकले आणि देवाला सांगितलं की आजपासून हे तोंड बंद. तोंडच उघडलं नाही तर त्यातून पाप निघेल कसं? मला तो निर्णय फार मोठा वाटला. पुढच्या गुरुवारी मी खोलीत शिरले, मागच्या खुर्चीवर बसले, टेबलावरचा एक कप पुढे ओढला आणि बशीत स्वतःच पालथा घातला. खूण करायला कोणी उरलं नव्हतं, तर माझी मीच केली.

छोटीच्या जागी चहा ओतायला आता ऑर्गन वाजवणारी होती. ती किटली घेऊन माझ्यापर्यंत आली, पालथा कप पाहिला आणि पुढे गेली. मला वाटलं, विसरली. पुढच्या गुरुवारीही तेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पालथा कप म्हणजे चहा नको. जगात सगळीकडे त्याचा अर्थ तोच होतो. दुसरा अर्थ फक्त दोन बायकांना माहीत होता, आणि त्यातली एक शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. चहा हवा म्हणून सांगायचं तर बोलावं लागलं असतं. मी बोलले नाही. चौदा महिने दर गुरुवारी मी दहाबारा माणसांना चहा पिताना पाहिलं, आणि सात वाजता घरी येऊन एका कपाचा चहा ठेवला.

लोकांच्या मात्र मी डोळ्यांत भरले. "बाई किती शांत झाल्यात," असं माझ्या पाठीमागे म्हणत, मला ऐकू जाईल अशा बेताने. एकदा पाळकांनी वचन सांगताना, नाव न घेता, "आपल्यातल्या एका भगिनीनं जिभेवर मिळवलेला ताबा" असा दाखला दिला. मी मान खाली घातली. मनातून मला काय गोड वाटलं, ते देवालाच माहीत. आणि त्याला नक्की माहीत होतं.

घरी मात्र मी कशी होते ते कुणी बघायला नव्हतं. वरच्या खोलीत दोन खुर्च्या, त्यातली एक मी आठवड्यातून दोनदा पुसायची, उगाच. दुकानात भिंतीवर तीसचाळीस चेहरे, नवरानवरी, आजोबा, बाळं, सगळे माझ्याकडे बघतात आणि एकही बोलत नाही. गिऱ्हाइकांशीही मी तुटक झाले. एक गृहस्थ बायकोचा फोटो घेऊन आले, ती नुकतीच गेली होती. फोटो वाकडा छापला गेला होता. पूर्वी मी त्यांना तिथल्या तिथं परत पाठवलं असतं, "सरळ छापून आणा, रोज बघायचंय तुम्हाला." आता मी गप्प फ्रेम केली. त्यांच्या घरी ती बाई अजून एका बाजूला कललेली असेल. हा माझा संयम.

सुरुवातीला छोटी दर रविवारी दुपारी फोन करायची. तिचा आवाज ऐकला की सगळं एकदम बोलून टाकावंसं वाटायचं, आणि त्यात काय बाहेर पडेल याची मला भीती वाटायची.

"वहिनी, कशी आहेस?"

"बरी."

"दुकान?"

"चाललंय."

मग दोन्हीकडे शांतता. "लाईनवर आहेस ना?" ती विचारायची.

"हो."

"मग बोल की काहीतरी."

मी म्हणायची, सगळं ठीक आहे. पाचसहा महिन्यांनी फोन दोन आठवड्यांनी यायला लागला, मग महिन्याने, मग बंद झाला. चौतीस वर्षं तिनं तुटलेल्या लाईनी जोडल्या होत्या. पलीकडून कुणी उचलतच नसेल तर ती तरी काय करणार? वर्ष उलटल्यावर स्मरणाच्या यादीची वेळ आली. या खेपेला मी चिठ्ठी महिनाभर आधी चिटणिसांच्या हातात ठेवली, न बोलता. त्यांनी नाव वाचलं. मी उभी राहिले. एका नावासाठी दोघी उभ्या राहायचो, ती मी एकटी उभी होते.

गेल्या महिन्यात, एका सोमवारी, पाळक दुकानात आले. हातात पाकीट. आतून त्यांनी एक फोटो काढला आणि काउंटरवर ठेवला. "गुरुवारपर्यंत फ्रेम होईल का? छोटीताईंना निरोपाची भेट द्यायचीय."

"कुठं चाललीय ती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते जरा चमकले. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. त्यांच्या हॉस्पिटलमधली एक मैत्रीण आहे, नर्स होती. आता तिचे डोळे अधू झालेत, एकटीच असते. छोटीताई तिच्याकडे राहायला चालल्यात, कायमच्या. गाडीने दीड दिवस लागतो म्हणे. शनिवारी निघताहेत."

"हो, माहीत आहे," मी म्हणाले. चौदा महिन्यांच्या मौनानंतर पाळकांना दिलेलं माझं हे पहिलं उत्तर, आणि ते खोटं निघालं.

पाळक दारापर्यंत गेले आणि वळले. "घरचं माणूस म्हणून तुम्ही दोन शब्द बोलाल का गुरुवारी?"

"मी बोलत नाही हल्ली."

"ते बघतोय आम्ही," ते म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं.

ते गेल्यावर मी फोटो उजेडात धरला. संगतीच्या खोलीतला, दोनेक वर्षांपूर्वीचा, चहाच्या वेळचा. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. माझं तोंड उघडं, हात हवेत, कुणाला तरी फैलावर घेत होते. आणि छोटी एकटी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, हात कपावर ठेवून. तिच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, राग नव्हता. गॅसवर दूध ठेवलेलं माणूस जसं बघतं, तशी ती बघत होती.

मी फ्रेमची पट्टी कापली, फोटोभोवती बसवायचा माउंट कापला, आणि काच घेतली. काच कापायची हिरकणी माझ्या नवऱ्याच्या हातची आहे, लाकडी मुठीची. त्यानंच मला शिकवलं. हिरकणी एकदाच फिरवायची. दाब कमी पडला तर रेघ उमटत नाही, जास्त झाला तर काच तडकते, आणि त्याच रेघेवरून पुन्हा फिरवली तर काच भलतीकडे फुटते. एकदा, नेमकी, आणि थांबायचं. त्या दिवशी माझा हात कचरत होता. पहिली काच फुटली. दुसरीही फुटली. मी हिरकणी परत तिच्या पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि स्टुलावर बसून राहिले.

पेटीत ठेवलेली हिरकणी काही फोडत नाही, पण कापतही नाही. मी चौदा महिने हेच करून बसले होते. पाळकांनी जे शिकवलं होतं ते हे नव्हतं. ते दाबाबद्दल होतं. मी पेटी बंद करून देवापुढे ठेवली होती आणि म्हणत होते, बघ, एक तरी तडा गेला का? खरं तर मी पापाला भीत नव्हते. मी छोटीला भीत होते. तिच्या तोंडाकडे बघून "चुकले" म्हणायला भीत होते, आणि त्या भीतीला मी चांगलंसं नाव दिलं होतं. तिथंच बसून मी रडले. मग तोंड धुतलं आणि तिसरी काच कापली. ती नीट निघाली.

गुरुवारी खोली भरलेली होती. छोटी पुढच्या खुर्चीवर, बारीक झालेली, काठी घेऊन. मला पाहून तिनं मान हलवली. मीही हलवली. मी मागच्या माझ्या खुर्चीवर गेले आणि, हाताची सवय, कप ओढून पालथा घातला. गाणं झालं, प्रार्थना झाली. पाळकांनी फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली. तिनं फोटोवरून बोट फिरवलं, माझ्या उघड्या तोंडावर थांबवलं आणि हसली.

मग सगळे टेबलाभोवती आले. ऑर्गनवालीनं छोटीचा कप काठोकाठ भरला, इतरांचे भरले, आणि माझ्यापुढून निघून गेली.

"हिला का नाही?" छोटीनं विचारलं.

"त्या चहा घेत नाहीत ना," ऑर्गनवाली म्हणाली. "कप पालथा असतो त्यांचा."

"कधीपासून?"

"मी चहा करायला लागले तेव्हापासून."

छोटीनं माझ्या कपाकडे पाहिलं. त्या खोलीत तो वाचता येणारी ती एकटीच होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "चौदा महिने?"

मी मान हलवली.

"वेडी आहेस का तू?" ती हळूच म्हणाली. काठीवर भार देऊन उठली, टेबलाला वळसा घालून माझ्यापर्यंत आली, माझा कप उचलला आणि सरळ ठेवला. "भर गं हिचा," ती ऑर्गनवालीला म्हणाली, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. कुणीतरी तिचा कप तिच्यापुढे आणून ठेवला.

पाळक म्हणाले, "बाई दोन शब्द बोलणार आहेत." मी उभी राहिले. टेबलाची कड धरली.

"त्या दिवशी," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला परका वाटला. "त्या दिवशी माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं गेलं नाही. आता कुणालाही वाईट वाटेलच. आणि चिटणिसांनी जर एकदा विचारलं असतं, निदान आदल्या दिवशी, तर पुढचं काही..."

छोटीचा हात कपाकडे गेला. मला दिसला. कप भरलेला होता, पालथा घालता येण्यासारखा नव्हता. तिची बोटं त्याच्यावर क्षणभर थांबली. मग तिनं हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला, आणि फोटोत बघत होती तशी माझ्याकडे बघत राहिली. टक् होणार नव्हतं. मी वाट पाहिली, आणि मग माझी मीच थांबले.

"नाही," मी म्हणाले. "चिठ्ठी माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. चिटणिसांची काही चूक नव्हती. आणि छोटीला मी जे बोलले ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ते रागाच्या भरात निसटलं नव्हतं. तिला कुठं लागेल ते बघून मी बोलले. छोटी, मला क्षमा कर. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी गप्प बसले. सगळे त्याला संयम म्हणाले, आणि मी म्हणू दिलं."

पुढेही पुष्कळ सुचत होतं. मी बसले.

"असू दे, वहिनी," छोटी म्हणाली. तोच सूर, जोडून देते म्हणायचा. चौतीस वर्षं लोकांना शांत करणारा. तो सूर मी ओळखते. त्याच्यामागे ती सगळं ठेवून देते.

"असू दे म्हणू नकोस," मी म्हणाले. "ही तुझी खोड. मला सांगितली होतीस, मी कधी धरली नाही. लागलं की नाही, ते सांग."

तिनं कप बशीत जरा फिरवला. "लागलं गं," ती म्हणाली. "खूप लागलं. माझा भाऊ गेला होता, आणि घरात मला तू एकटी होतीस." तिनं माझ्याकडे पाहिलं. "अजून लागतं."

कुणी कानसुद्धा खाजवला नाही. मी तिचा हात धरला आणि तिनं धरू दिला. मग मी चहाचा घोट घेतला. साखर फार होती. मी तसं म्हणाले नाही. आणखी एक घोट घेतला आणि मग म्हणाले. ऑर्गनवाली आधी दचकली आणि मग मोठ्याने हसली, आणि चिटणीसही हसले.

निघताना फाटकापर्यंत मी तिची पिशवी धरली. "राहतेस का?" मी विचारलं. "खालीच झोपायची सोय करू. दुकान अर्धं करू. जिना नको."

"तिकीट काढलंय."

"परत करता येतं."

"वहिनी," ती म्हणाली, "रागावून जात असते तर आज थांबले असते. पण मी रागावून जात नाहीये. तिला दिसत नाही, कुणीतरी वाचून दाखवायला हवंय. मला आवडेल ते." तिनं पिशवी घेतली. ती आनंदाने चालली होती. हे मला तिच्या रागापेक्षा जड गेलं, आणि ते मला तिला दाखवायचं नव्हतं. मी दाखवलं नाही. बहुधा तो माझा पहिला खरा संयम असेल.

शनिवारी ती गेली. वरच्या खोलीतली दुसरी खुर्ची मी दुकानात आणून ठेवली, गिऱ्हाइकांना बसायला. त्या गृहस्थांना निरोप धाडला की फोटो सरळ छापून आणा, फ्रेम मी पुन्हा करून देते. पुढच्या गुरुवारी मी कप सरळ ठेवला. चहा मिळाला. घरी येताना रस्त्यात मात्र कुणी विचारलं नाही, काय बोलणार होतीस म्हणून. सगळं तसंच पोटात घेऊन मी जिना चढले.

रविवारी दुपारी फोन वाजला.

"पोचले," छोटी म्हणाली. "घर छान आहे. इथं कपही मोठे आहेत. आता तू सांग."

मी सांगितलं. चिटणिसांनी अहवालाला पाऊण तास घेतला, ऑर्गनवालीनं चहात साखर घालायचीच सोडून दिली, पाळकांचा वचनाचा धागा मधेच तुटला आणि त्यांना कुणी सांगायची सोय नाही, आणि त्या नव्या बाई, ज्या पहिल्याच दिवशी पुढच्या रांगेत जाऊन बसल्या, त्यांना म्हणे आपला आवाज फार... इथं मी थांबले. खिडकीबाहेर दुपार होती. फोनमध्ये तिच्या घरातली शांतता ऐकू येत होती.

"लाईनवर आहेस ना?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. मग दीड दिवसाच्या अंतरावरून, अगदी स्पष्ट, आवाज आला. टक्.

मी तिच्याआधीच थांबले होते. पण तसं मी तिला सांगितलं नाही.